खाकरून येणारा उजेड

बाबारावजींची आणि माझी पहिली ओळख आमच्या घरातल्या एका भांडणामुळे झाली. बोरी अरबजवळच्या आमच्या तांड्यावर भावाची सगाई ठरली होती आणि फोटोवाला आणायचाच नाही, असं माझ्या याडीनं, म्हणजे आईनं, बजावलं होतं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं. थोरल्या बहिणीच्या लग्नात आलेल्या फोटोवाल्यानं याडीला उठवलं होतं. तिच्या फेटिया-कांचळीवरचे, म्हणजे घागरा-चोळीवरचे, नि ओढणीवरचे आरसे फ्लॅशमध्ये चमकतात, फोटो खराब होतात, तेव्हा साडी नेसून या, असं त्याचं म्हणणं. याडीनं जन्मात साडी नेसली नव्हती. ती बाजूला झाली ती झालीच. लेकीच्या लग्नाच्या अल्बममध्ये आई कुठेही नाही.

मुलाच्या सगाईतही तेच व्हावं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी हट्टानं बोरीच्या बाजारातून फोटोवाल्या बाबारावजींना घेऊन आले. तेव्हा त्यांचे केस बरेचसे काळे होते आणि बोलणं आजच्याइतकंच कमी. अंगणात ऊन म्हणजे नुसती आग, म्हणून कार्यक्रम मधल्या खोलीत. वर धुरानं काळवंडलेले टिन, एकच लहान खिडकी. कॅमेऱ्याच्या डोक्यावर उघडणाऱ्या त्या इवल्याशा फ्लॅशखेरीज बाबारावजींजवळ दुसरा उजेड नव्हता. पहिला फोटो निघाला आणि व्हायचं तेच झालं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर याडीच्या अंगभर पांढरे ठिपके पेटलेले आणि चेहरा भाजल्यासारखा पांढरा. आमचे चेहरे पाहूनच ती समजली आणि उठू लागली.

"मी जातो तिकडं. तुमी पोराइचे काढा," ती म्हणाली.

"बसा बाई," बाबारावजी म्हणाले. "तुमच्या कपड्यात काही खोट नाई. खोट माह्या लाइटात हाय. तो नीट करतो मी. तुमी कायले उठता?"

त्यांनी मिठाईच्या डब्याच्या पांढऱ्या झाकणाचा तुकडा फाडला आणि फ्लॅशपुढे तिरका धरून पाहिला, म्हणजे उजेड समोर न जाता वर जावा. पण वर काळे टिन. गेलेला उजेड परत येईना. मग त्यांनी आहेरातलं कोरं धोतर मागून घेतलं, उलगडलं, आणि एक बाजू आमच्या तांड्याच्या नायकांच्या, म्हणजे प्रमुखांच्या, हाती, दुसरी मुलीच्या मामांच्या हाती दिली. हे दोघं सकाळपासून मानपानावरून एकमेकांशी बोलत नव्हते. आता दोघं हात वर करून एकच धोतर याडीच्या डोक्यावर ताणून उभे राहिले, आणि बाबारावजी त्यांना अदबीनं "जरासं वर, नायकजी" म्हणत होते.

झाकणाच्या तुकड्यावरून उजेड धोतरावर गेला आणि तिथून खाली उतरला. आरसे पेटले नाहीत. प्रत्येक आरशात पांढऱ्या कापडाचा लहानसा तुकडा तेवढा दिसला. याडीच्या कपाळावरचं गोंदण दिसलं, डोळे दिसले. तिनं फोटो बराच वेळ पाहिला आणि ओढणी सारखी करून परत बसली. त्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत ती आहे.

पुढे मी त्यांच्याकडे शिकायला गेले. बाईमाणसानं हे काम करावं का, असं बोरीत पुष्कळांनी विचारलं. बाबारावजींनी विचारलं नाही. फ्लॅश मऊ करण्याचा त्यांचा धडा मला आजही पाठ आहे. "लोकाच्या घरात जातानी खाकरून जावं लागते, बाई. लाइटाचंबी तसंच हाय. एकदम आंगावर जाऊ नोको." आधी खिडकी उघडायची, माणसाला तिच्याजवळ बसवायचं, मग लागलाच तर फ्लॅश, तोही पातळ बटर पेपरातून किंवा भिंतीवरून. नवजात बाळापुढे ते फ्लॅश उघडतच नसत. बाळ उजेडाकडे आपणहून तोंड करीपर्यंत बसून राहत, आणि घरचे कंटाळून चहा ठेवत.

त्यांचा स्वभाव मवाळ, पण एका बाबतीत ते दगड. केळापूरकडच्या एका लग्नानंतर मुलीचे वडील दुकानात आले नि म्हणाले, "पोरगी जराशी गोरी करून द्या." बाबारावजींनी फोटो पुढे ठेवला. "पोरगी चांगली हाय. माह्या हातानं मी तिले खराब काहून करू?" गिऱ्हाईक तुटलं. मी हळहळले, ते पान खायला निघून गेले.

अलीकडे त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. भेटायला गेले तेव्हा दार अर्धं लोटून बसले होते. म्हणाले, "आता समजून राह्यलं, लोकाइले फ्लॅश कसा लागत असन." इतकी वर्षं लोकांचे डोळे जपलेल्या माणसानं हे म्हणावं, याचं मला रडू आलं.

या गौरवग्रंथासाठी समितीनं त्यांचा जुना, कामात असतानाचा फोटो मागितला. त्यांच्या घरी नाही, दुकानात नाही. कॅमेऱ्यामागच्या माणसाचा फोटो काढणार कोण? शेवटी मी याडीचा सगाईतला तो फोटो उतरवला. याडी गेल्यापासून तो आमच्या भिंतीवर आहे, तिच्याच कपड्यांत. ओढणीच्या काठाचा एक आरसा मोठा करून पाहिला. नायकांचे वर केलेले हात, पांढरं कापड, आणि त्याखाली वाकलेले, डोळ्याला कॅमेरा लावलेले बाबारावजी. आरशातला तोच फोटो या लेखासोबत छापायला दिला आहे.

बाबारावजी, पंचाहत्तरी ही तुमची नुसती सुरुवात ठरो. डोळे बरे राहोत, गुडघे कुरकुर न करोत, आणि उजेड तुमच्या दारी नेहमी खाकरून येवो. माझ्या याडीनं तुम्हाला इतकी वर्षं ओढणीत जपून ठेवलं. आता आम्हाला तुम्हाला पुष्कळ वर्षं जपू द्या.