ससे म्हणणाऱ्या बाई

सिंगापुरात टॅम्पिनीसहून जुरोंग आयलंडवरच्या कारखान्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये या बाई माझ्या शेजारी बसतात. पास गळ्यातच असतो, तरी रोज पर्समध्ये शोधतात आणि स्वतःवरच चिडतात. नवं रसायन बाजारात जाण्याआधी ते सुरक्षित आहे, हे देशोदेशीच्या सरकारांना पटवून द्यायचं, हे त्यांचं काम.

मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, की एक स्टडी करून टाकू, तर बाई मान वर न करता विचारतात, "म्हणजे ससे?" स्टडी म्हणजे सशांवर चाचणी, हे मग सगळ्यांना आठवतं. एकदा डबा खाताना मला म्हणाल्या, "डोळ्यात रसायन घातलं ना, तरी ससा ओरडत नाही हो. म्हणून लोकांना वाटतं, त्याला काही होत नाही."

यंदाच्या रसायनासाठी त्यांनी एकही ससा लागू दिला नव्हता. सगळ्या चाचण्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर करून घेतल्या. बाकीच्या देशांनी ते मानलं. एका देशाच्या कार्यालयानं मात्र काल कळवलं, की हे ठीक आहे, पण सशांचा रिपोर्टही पाठवा. आमच्या साहेबांना त्या देशाचा बाजार सोडायचा नव्हता.

आज सकाळी मी विचारलं, "काय ठरलं?"

पुलापलीकडच्या रसायनांच्या टाक्या दिसू लागल्या. बाई पर्सची चेन लावत म्हणाल्या, "काय ठरणार? एक स्टडी करून टाकू."

म्हणजे ससे, असं विचारणारं आता बसमध्ये कुणीच उरलं नव्हतं.