मधली एकटी धमनी

आमच्या वहिनी दोन्ही हातांनी चित्र काढतात. म्हणजे एकाच वेळी. वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवताना त्या दोन्ही हातांत लाल खडू घेऊन फळ्याकडे वळतात, आणि माणसाची मान डावी-उजवीकडून एकदम उगवायला लागते. मुलं पाठीमागे त्यांना 'डबलबार' म्हणतात. वहिनींना हे ठाऊक आहे. वर्णन शास्त्रीयदृष्ट्या अचूक असल्यामुळे त्यांची हरकत नाही.

थायरॉइडचा तास हा त्यांचा हुकमी एक्का. श्वासनळीला पुढून मिठी मारून बसलेली ही ग्रंथी लिंबापेक्षाही हलकी. पण तिला मिळणारं रक्त पाहिलं, तर शेंडेफळाचे लाड म्हणजे काय ते समजतं. वरून दोन धमन्या येतात: मानेतली मोठी धमनी, कॅरॉटिड, दुभंगते तिथेच निघायचं आणि झोकदार वळण घेऊन खाली उतरायचं. खालून दोन: हाताकडे निघालेल्या धमनीच्या एका आखूड फांदीतून फुटायचं, सरळ वर चढायचं आणि मग मन बदलल्यासारखं एकदम आत वळून ग्रंथीला मागच्या दाराने गाठायचं. दोन हात, दोन फेऱ्या, चार धमन्या. चित्र पूर्ण.

"पाचवीही एक असते," खडूची धूळ झटकत वहिनी सांगायच्या. "शंभरात पाच-दहा जणांना. छातीतून निघते आणि श्वासनळीसमोरून एकटीच वर येते. मला अजून भेटलेली नाही."

ती धमनी वहिनी फळ्यावर काढत नसत. दोन हातांच्या त्या कारभारात मधल्या एकट्या रेषेची सोय नव्हती. पण न भेटल्याचं शल्य खरं होतं. विच्छेदनाला नवा देह आला की मुलांच्या आधी वहिनी त्याच्या गळ्याशी. थोड्या वेळाने हात धुऊन परत येत, तेव्हा त्यांचा चेहरा लॉटरीचं तिकीट फाडून टाकणाऱ्या माणसासारखा असे.

मग त्यांच्याच गळ्यात गाठ निघाली. पाण्याचा घोट घेताना ती वर सरकली आणि दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, दिसली. गाठ साधीच होती, पण वाढून श्वासनळी ढकलू लागली होती. ग्रंथी काढायची ठरली. सर्जन त्यांचाच विद्यार्थी. तोंडी परीक्षेत एकदा वहिनींनी त्याला 'मान नीट पाहून ये' म्हणून परत पाठवलं होतं. आता तो ती पाहणार होता. या योगायोगावर घरात कोणी विनोद केला नाही.

दादा पाणीपुरवठा खात्यात अभियंता. त्याने जेवताना विषय काढला. "एवढ्याशा वस्तूला चार लाइनी? आमच्याकडे अख्ख्या वस्तीला एक असते. बंद करायच्या आणि काढायची, त्यात काय?"

"अहो, बंद करणं सोपं आहे. शेजार बघा ना." वहिनींनी गळ्यावर बोट टेकवलं. "वरच्या धमनीच्या अंगाला लागून एक मज्जातंतू जातो. तो दुखावला की वरचा सूर गेला, हाक मारायची सोय संपली. खालच्या धमनीपाशी दुसरा. त्याला धक्का लागला की आवाजच बसला. कदाचित कायमचा."

"मग तुझे तास?"

"हात आहेत की दोन. मुकाट्याने चित्रं काढेन."

वहिनींनी आजवर वर्गात माइक येऊ दिलेला नाही. शेवटच्या बाकावर झोपलेला मुलगा त्या नुसत्या 'कॅरॉटिड' या शब्दाने उठवतात. दादाचा घास हातातच राहिला. विषय बदलायचा म्हणून तो म्हणाला, "आणि नकाशात नसलेली लाइन निघाली तर? आमच्याकडे खोदलं की निघतेच."

"तेवढं माझं नशीब नाही हो."

शस्त्रक्रियेनंतर वहिनी शुद्धीवर आल्या तेव्हा सर्जन खाटेशी उभाच होता. "मॅडम, 'ई' म्हणा. आवाज बघू."

वहिनींनी ओठ घट्ट मिटले.

"अगं, बोल काहीतरी," दादा काकुळतीला आला. "हवं तर मला बोल. नेहमीसारखं."

वहिनींनी नकारार्थी मान हलवली. काय काय तुटू शकतं हे त्या खोलीत त्यांना आणि सर्जनला, दोघांनाच माहीत होतं, आणि दुसऱ्याने ते उघडून पाहिलेलं होतं. बोलत नाही तोवर आवाज शाबूत होता.

सर्जनने स्टूल ओढलं. "बरं, नका बोलू. ऐका. ग्रंथी खालून सोडवत होतो. श्वासनळीच्या समोर काहीतरी उडत होतं. बघतो तर धमनी. छातीतून सरळ वर आलेली, एकटीच."

"कुठून निघाली होती?"

पलीकडच्या खाटेवरचा पेशंट दचकला. नर्सने वळून पाहिलं. आवाज किंचित खरखरीत, पण तोच. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"मूळ दिसलं नाही, मॅडम. छातीच्या हाडामागे शिरली होती."

"दिसलं नाही म्हणजे? धमनी मुळापर्यंत शोधत जायची, हे शिकवलं नव्हतं तुला?"

"मॅडम, तुम्ही जिवंत होतात."

वहिनींनी थोडा विचार केला आणि ही सबब मान्य केली. दादा भिंतीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

संध्याकाळी मी भेटायला गेलो, तर त्या गळ्याखालच्या खळगीवर हात ठेवून पडल्या होत्या.

"भाऊजी, किती गळ्यांत शोधली मी हिला. वर्गात मी 'मला भेटलेली नाही' म्हणायचे ना, त्या शब्दांचा वारा ज्या नळीतून जायचा, तिच्याच अंगावर ही ठोके देत उभी होती. माझ्या जन्माच्या आधीपासून."

मी माझ्याच गळ्याला हात लावून पाहिला. आत कोण कोण उभं आहे, काय माहीत.

आजारपणानंतरच्या पहिल्या तासाला दादा आणि मी चोरासारखे मागच्या बाकावर जाऊन बसलो. वहिनींनी दोन हातांनी वरच्या दोन धमन्या उतरवल्या, खालच्या दोन चढवल्या. मुलं वह्या मिटायला लागली. वहिनींनी एक खडू खाली ठेवला. उरलेला दोन्ही हातांनी धरला आणि फळ्याच्या अगदी तळच्या लाकडी पट्टीपासून मधोमध एक रेघ सावकाश वर नेली.

"मॅडम, पण ही निघते कुठून?" पुढच्या बाकावरून प्रश्न आला.

वहिनी फळ्याखालच्या भिंतीकडे पाहत राहिल्या.

"हिचं मूळ? माहीत नाही," त्या म्हणाल्या.

मागे आम्हाला अगदी स्वच्छ ऐकू आलं.