हौशातल्या शिंप्याचं माप

कतारमध्ये, दोह्याच्या जुन्या बाजारात परवा मी नवऱ्याला आमचा हौश कुठे होता ते दाखवायला गेले, तर मलाच जागा सापडेना. हौश म्हणजे अंगण. चारी बाजूंना बैठी दुकानं, मधे एक बोरीचं झाड, आणि आत शिरायला एवढीशी बोळ. आता तिथे ट्राम फिरते आणि नव्या इमारतींच्या काचेत आपलंच तोंड दिसतं.

मी वसईची, इथे हॉस्पिटलात नर्स. शुक्रवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की दुपारनंतर आम्ही मैत्रिणी तिकडे. कोपऱ्यात कॅफेटेरिया होता. तिथे दारूचा थेंब नाही, पण करक, म्हणजे आटीव दुधाच्या कडक चहाच्या, दुसऱ्या कपाला माणसं अशी बोलायला लागायची, जशी काही गुत्त्यातच बसलीत. शेजारी न्हावी, घड्याळवाला, आणि रत्नागिरीकडचा शिंपी. बापाच्या वयाचा, म्हणून आम्ही त्याला चाचा म्हणायचो.

चाचाची एक रीत होती. गावाकडच्या माणसासाठी काही शिवायला दिलं, की टेप हातात घेण्याआधी तो विचारायचा, बघून किती वर्षं झाली? कारण आम्ही सगळे एकच चूक करायचो. घरची माणसं आपण सोडून आलो तशीच आहेत, असं धरून माप सांगायचो. चाचा पोरांना वर्षागणिक वाढवायचा आणि म्हाताऱ्यांना कमी करायचा. एकदा एक क्रेनवाला लेकीचा फ्रॉक शिवायला आला. ती एवढी आहे म्हणून त्याने कमरेशी हात धरला. चाचाने तो हात उचलून छातीपर्यंत नेला. तो गडी बराच वेळ हात तसाच धरून उभा होता. देवाशप्पथ, मला तेव्हा ती जादूच वाटली होती.

मग माझ्या भावाचं लग्न ठरलं. मी पोचणार लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे आईचा ब्लाउज इथूनच तयार न्यायला हवा. साडी रेशमी घेतली होती. माप माझंच द्यायचं होतं, कारण कॉलेजपासून मी आईचेच ब्लाउज घालत आले होते. चाचाने वर्षं विचारली. तीन, मी म्हटलं. फोनवर काय म्हणते, त्याने विचारलं. बरी आहे म्हणते, मी म्हटलं. तो टेपशी जरा चाळा करत राहिला आणि म्हणाला, दोन्हीकडून दोन-दोन बोटं आत घेतो.

माझ्या नाकावर राग, तो उसळला. "रोज पन्नास माणसं तपासते मी, चाचा. माझ्या आईची तब्येत तुम्ही मला सांगणार?"

अख्ख्या हौशाने वळून पाहिलं. चाचाने मान खाली घातली आणि खडूने कापडावर माझं माप आखलं.

"बाय, तू म्हणशील तसंच कापतो."

निघायच्या दिवशी मी चाचाच्या दुकानातून पुडकं उचललं आणि उघडूनही न बघता बॅगेत टाकलं. घरी पोचले तर घर पाहुण्यांनी भरलेलं. आई अंगभर पदर घेऊन इकडून तिकडे पळत होती, मला नीट जवळ घ्यायलाही तिला सवड नव्हती. मला काही दिसलं नाही. सकाळी ती ब्लाउज घालून समोर उभी राहिली. कुठे चुणी नाही, कुठे ताण नाही. मापाला मापच.

काखेतली शिवण सारखी करायला मी बोट आत घातलं आणि हातच थांबला. आत दोन बोटं कापड दुमडलेलं होतं, दुसऱ्या बाजूलाही तेवढंच. चाचाने कापलं होतं माझ्या मापाने आणि शिवलं होतं त्याच्या. माझं खरं निघालं असतं, तर एकेक टीप उसवायची, की काम झालं. काय माणूस होता! मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

आई आरशात बघत हळूच म्हणाली, "शुगरचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लग्न होऊ दे म्हटलं. तुला कसं गं कळलं?"

"नर्स आहे ना मी," मी म्हटलं.

सुट्टी संपली आणि मी परतले, ती पहिल्याच शुक्रवारी चाचाकडे माफी मागायला गेले. बोळीच्या तोंडावर पत्रे ठोकलेले. आत सगळं खलास, रखवालदाराने सांगितलं. पाडायचा म्हणून हौश रिकामा केला होता आणि शिंपी गावी गेला होता. कुठलं गाव, ते आमच्यापैकी कुणी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

आई पुढे दोन वर्षं होती. ती टीप उसवायची वेळ काही आली नाही.