कागदावरची पायलट

दहावी नापास माणसाला ड्रोन उडवायचं लायसन्स मिळत नाही. हा नियम कळला त्या दिवशी, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, आमच्या घरात पहिल्यांदा कुणाला तरी आठवलं की मी बारावी सायन्सची आहे.

नवऱ्याचा डिचोलीच्या बाजारात फोटो स्टुडिओ. पासपोर्टचे फोटो, बारशी, साखरपुडे, आणि अलीकडे मांद्रेच्या किनाऱ्यावर होणारी बाहेरच्या लोकांची लग्नं. त्या लग्नांना ड्रोन लागतोच. नवरी दोन पावलं चालली तरी ती वरून दिसली पाहिजे. तो ड्रोन बिनालायसन्सचाच उडवत होता, सगळेच उडवत होते. मग एका हॉटेलच्या मॅनेजरने त्याला गेटवर अडवलं. पायलटचं सर्टिफिकेट दाखवा, नाहीतर ड्रोन गाडीतच राहू दे. घरी आला तो तोंड पाडून. मी म्हटलं, परत बसा दहावीला, बाहेरून देता येते. तर म्हणाला, "अगो, ह्या वयात पोरांबरोबर बाकावर बसू? लोक हसतील मगो." आणि लगेच, पाणी मागावं तितक्या सहज, "तू दे परीक्षा. उडवतो मी."

सासू जनेलाशी उजेडाला बसून भाजी निवडत होती. ती म्हणाली, "दी गो. तुज्या नावार जालें काय आनी ताच्या नावार जालें काय, एकूच मगो."

ही 'एकूच'ची भाषा मला पाठ आहे. एकच असतं तेव्हा ते नेहमी त्याचं असतं.

पण खरं सांगते, तेव्हा मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला अभ्यास कर म्हणत होतं, आणि अभ्यासाला बसले की मला कुणी उठवणार नव्हतं.

अभ्यासाचं पुस्तक जाडजूड आणि अख्खं इंग्रजीत. मी ते स्टुडिओच्या काउंटरवर उघडून बसायची. मधेच कुणी शाळेच्या फोटोसाठी पोराला घेऊन आलं की त्याचे केस विंचरून द्यायचे, हनुवटी वर करायची, आणि परत बॅटरीच्या धड्याकडे वळायचं. पहिले काही दिवस सगळं डोक्यावरून गेलं. मग हळूहळू गंमत यायला लागली. जमिनीजवळचा वारा वेगळा, वरचा वेगळा. दुपारी समुद्राकडून वारा का सुटतो, ते मी पहिल्यांदा वाचलं. तो वारा जन्मभर अंगावर घेतला होता, कधी विचारलं नव्हतं. नवरा आत-बाहेर करताना मोठ्याने म्हणायचा, "काय कॅप्टन, विमान खंय पावलें?" गिऱ्हाइकं हसायची. मीही हसायची. न हसून सांगते कुणाला!

सरकारी नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रंग असतात. हिरव्यात खुशाल उडवा, पिवळ्यात आधी परवानगी काढा, लाल दिसलं की विसरा. नकाशा उघडल्यावर मी पहिलं काय केलं असेल, तर माहेर शोधलं. पेडण्याच्या पठारावर विमानतळ झाल्यापासून त्याच्या भोवतीचे रंग कुठवर पसरलेत ते बघत बघत इब्रामपूरपर्यंत बोट नेलं. मग बाबांना फोन करून सांगितलं की आपल्या काजूंवरून ड्रोन न्यायचा तर उंचीला बंधन आहे. ते उसळलेच. "आमच्या काजूंवर जायला दुसऱ्याची परवानगी कसली?" मी त्यांना नियम समजावून सांगितला. बाबांना मी काही समजावतेय आणि ते ऐकून घेताहेत, असं याआधी कधी घडलं नव्हतं. फोन ठेवल्यावर काउंटरवर एकटीच हसत बसले.

नुसत्या पुस्तकावर भागणार नव्हतं. केंद्रात राहून प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि लेखी परीक्षेनंतर परीक्षकासमोर स्वतःच्या हातांनी ड्रोन उडवून दाखवावा लागतो. हे नवऱ्याला उशिरा कळलं. "म्हणजे उडवायचा पण तूच?" असं त्याने विचारलं ते अशा सुरात, की जणू मीच त्याला फसवलं होतं. सासूने तर देव पाण्यात घालायचे तेवढे बाकी ठेवले. पण मांद्रेचा सीझन तोंडावर आला होता, तेव्हा मला बसमध्ये बसवण्यात आलं.

केंद्र घाटावर, एका कॉलेजच्या मैदानालगत. वर्गात सगळे पुरुष आणि आम्ही दोघी. दुसरी सावंतवाडीकडची, लग्न न झालेली, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "तू कित्याक इलंस गे?" मी म्हटलं, नवऱ्याला सर्टिफिकेट हवंय. ती माझ्याकडे बघतच राहिली. "आणि तुका?" मी पिशवीतून वही काढायला वाकले.

आधी कॉम्प्युटरवरचा ड्रोन उडवायचा असतो. तो मी इतक्यांदा आपटला की शिकवणारे सर म्हणाले, "ताई, नशीब हा पडद्यावरचा आहे." मग मैदान. दोन्ही अंगठ्यांखाली दोन छोट्या दांड्या. डावी वर सरकवली आणि तो उचलला गेला. मी उचलला त्याला! बाई गं, काय वाटलं ते कसं सांगू? अंगावर काटा, तोंडावर हसू, डोळ्यांत पाणी, आणि डोळे पुसायला हात मोकळा नाही. सर मागून ओरडत होते, खाली घ्या, खाली घ्या. मी ऐकत नव्हते. त्या मैदानावर मला तिच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. मला हेच करायचं होतं. कुणाच्या लग्नासाठी नाही, कुणाच्या स्टुडिओसाठी नाही. मला उडवायचं होतं, आणि ते माझं काम म्हणून करायचं होतं.

ड्रोनचं तोंड आपल्याकडे फिरलं की सगळ्यांची गाडी अडते. आपली उजवी ती त्याची डावी होते आणि भलेभले त्याला नेऊन कुंपणात घालतात. मला ते जड गेलं नाही. आरशात बघून वेणीत गजरा माळावा तसा हात आपोआप जायचा. सर जीपीएस बंद करायचे, म्हणजे ड्रोन वाऱ्याबरोबर वाहवत जातो आणि त्याला जागेवर धरणं सगळं आपल्या बोटांवर. तेही जमलं. नवऱ्याचा रोज संध्याकाळी फोन यायचा. पेपर कधी? बस्स. एकदा मीच सांगितलं, आज हवेत आठाचा आकडा काढला, एकदाही तोल न जाता. तो म्हणाला, "बरं, आयक, आई विचारता सोलांची बरणी खंय दवरल्या?"

लेखीत पास झाले. उडवण्याच्या परीक्षेला वारा होता, माझ्या आधीचे दोघं त्यात गडबडले. मी चौकोन काढला, गोल काढला, आठ काढला आणि आखलेल्या खुणेवर उतरवला. परीक्षकांनी मान डोलावली. सावंतवाडीचीही पास झाली, एव्हाना ती माझी मैत्रीण झाली होती, तिने मला गच्च मिठी मारली. निघताना सरांनी बोलावून घेतलं. खाणींवर मातीचे ढीग आणि खड्डे ड्रोनने मोजायचं काम निघतं, त्यासाठी कंपन्या आमच्याकडून पायलट मागतात, तुमच्या डिचोलीतच निघेल, तुमचं नाव पाठवू का? मी हो म्हटलं. घरी विचारून सांगते, असं म्हणायची सवय जिभेवर होती, ती मी गिळली.

घरी आल्यावर सर्टिफिकेटचं मोठं प्रिंट निघालं. नवऱ्याने ते फ्रेम करून काउंटरच्या मागे टांगलं आणि बाहेर बोर्ड लावला, आमच्याकडे सरकारमान्य ड्रोन पायलट. मांद्रेची लग्नं परत सुरू झाली. पायलट हजर हवा म्हणून मला न्यायचा. साडी नेसून मी कडेच्या खुर्चीवर बसायची, मॅनेजर आला की उठून पायलटचं कार्ड दाखवायची, आणि तो गेला की नवरा रिमोट घ्यायचा. एकदा म्हटलं, आज मी उडवू? तो म्हणाला, "कार्यक्रम होऊ दे." कार्यक्रम झाल्यावर बॅटरी संपलेली. दुसऱ्या वेळी म्हणाला, "तुझ्या हातून पडला तर?" अहो, माडात अडकवून ठेवला होता कुणी? उतरवायला नारळ पाडणारा पाडेली बोलवावा लागला होता तो कुणामुळे? हे सगळं ओठांवर आलं होतं. पण वऱ्हाडी बघत होते, म्हणून बॅटऱ्यांची पेटी उचलली आणि गाडीकडे गेले.

मी फोनची वाट बघत होते. खाणीच्या कामाच्या फोनची. डिचोलीजवळच्या शिरगावच्या कडेलाच आमचं घर, खाण चालत जायच्या अंतरावर. मनात मी सगळं ठरवूनही टाकलं होतं, सकाळी किती वाजता निघायचं, डबा काय न्यायचा. फोन आला नाही. सरांना विचारावं म्हणून कितीदा मोबाईल हातात घेतला. मग वाटायचं, आपण चांगल्या असतो तर त्यांनीच केला नसता का? केंद्रात सगळ्यांनाच असं सांगत असतील. बायकांना उत्तेजन म्हणून. असं म्हणत म्हणत मी माझ्याच हातांवरचा विश्वास घालवून बसले. रस्त्याने जाताना ड्रोनचा आवाज आला तरी वर बघायची नाही.

एका सकाळी कपडे वाळत घालताना मात्र बघितलं. खाणीच्या बाजूला, डंपच्या मातीच्या ढिगावर, एक ड्रोन सरळ रेषेत जात होता, टोकाला वळत होता आणि शेजारच्या रेषेने परत येत होता. लग्नवाले असे उडवत नाहीत. ही मोजणी होती. ओला परकर बालदीत टाकून मी तशीच निघाले. कुंपणापलीकडे हेल्मेट घातलेली माझी मैत्रीण उभी होती.

तिने ड्रोन आधी खाली उतरवला, मग माझ्याकडे आली. हसली नाही. "आता कशाक इलंस?" म्हणाली. "काम तुकाच नको होता मा?"

मी म्हटलं, मला कुणी विचारलंच नाही.

"कंपनीवाल्यांनी तीनदा फोन केल्यानी तुका. तुझ्या घोवान उचललो. तिका जमाचा नाय, म्हणान सांगल्यान. मगे त्यांनी माका बोलावल्यानी."

केंद्राचा फॉर्म नवऱ्याने भरला होता आणि नंबर स्वतःचा घातला होता. त्यात काही विशेष नाही, गॅसपासून माझ्या बँकेच्या खात्यापर्यंत सगळीकडे त्याचाच नंबर आहे. ती मैत्रीण काय काय बोलत होती, मला ऐकू येत नव्हतं. "एकदा बघतंस काय उडवन?" असं विचारून तिने रिमोट पुढे केला. मी घेतला नाही. तशीच घराकडे वळले.

घरापर्यंतच्या वाटेवर मी भांडण जुळवत आले. काय काय बोलायचं, कुठल्या शब्दाने सुरुवात करायची, सासू मधे पडली तर तिला काय सुनवायचं. तो खोटं बोलेल, मग मी मैत्रिणीचं नाव घेईन. तो चिडेल, मग मी भिंतीवरची फ्रेम काढून आणीन. सगळी तयारी झाली होती.

दुपारी तो जेवायला आला. ताटात शीत वाढलं, त्यावर माशांचं हुमण वाढलं आणि विचारलं, खाणीवरून माझ्यासाठी फोन आला होता?

त्याने घास थांबवलासुद्धा नाही. "आयलो मरे. दोन-तीनदा आयलो. सांगपाक विसरलों."

त्याने लपवलं असतं तर मी भांडले असते. लपवायला निदान माहीत असावं लागतं की समोरच्या बाईला ते हवं होतं. तो खरंच विसरला होता.

"हुमण वाढ गो आनीक," तो म्हणाला. आणि मी वाढलं.