माणिकबाई सभेतून उठल्या

आमच्या समितीत डॉक्टर आहेत, वकील आहेत, अध्यक्ष म्हणून अकोल्याचे निवृत्त न्यायाधीश वामनराव आहेत, आणि वलगावच्या माणिकबाई आहेत. माणिकबाई पालक, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवतात आणि अमरावतीच्या बाजारात बसून विकतात. आमच्या रुग्णालयाला माणसांवर काहीही तपासून पाहायचं असलं तर या नीती समितीचा होकार लागतो, आणि समितीत दवाखान्याशी काडीचा संबंध नसलेलं एक साधं माणूस असावंच लागतं. आधीचे गृहस्थ प्राध्यापक होते. चहा घ्यायचे, सही करायचे, निघायचे. ते मुलाकडे पुण्याला गेले, तेव्हा आमच्या रुग्णालयातल्या शेखर डॉक्टरांनी आपल्या नेहमीच्या भाजीवाल्या बाईंचं नाव सुचवलं. बाई दहावी शिकलेल्या, तोंडाने तिखट. पण एवढ्या मोठ्या लोकांसमोर गप्प बसतील, असं सगळ्यांना वाटलं असावं. सभेचं इतिवृत्त मी लिहितो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "मी नाही आली तं काय होते?"

"सभाच भरत नाही," मी म्हणालो.

"बरं," म्हणाल्या आणि चहा बशीत ओतला.

दिवाळीनंतर शेखर डॉक्टर एक यंत्र घेऊन आले. बोटाला चिमट्यासारखं लावायचं, की सुई न टोचता अंगात रक्त किती ते कळतं. मोठ्यांसाठी ते मंजूर झालेलं होतं. पण लेकराचं बोट वेगळं, कातडी वेगळी, आकडा चुकू शकतो. म्हणून मुलांसाठी मंजुरी हवी तर ते आधी मुलांवरच तपासावं लागतं. आणि आकडा खरा की खोटा हे ताडून पाहायला दर वेळी सुईनेही रक्त काढावं लागतं. त्यासाठी मेळघाटातली, धारणीकडची एक आश्रमशाळा ठरली होती. डॉक्टर काही लबाड माणूस नव्हे. तिकडच्या पोरांच्या अंगात रक्त नाही म्हणून जीव तोडून बोलणारे तेच एकटे.

"यायच्या मायबापाले विचारलं काय?" माणिकबाईंनी विचारलं.

"ते कामासाठी बाहेरगावी गेलेत. त्यांच्या जागी मुख्याध्यापक सही करतील," डॉक्टर म्हणाले.

"मळ्यातलं वांगं तोडाचं तं मालकाले विचारा लागते. तुमी राखणदाराले विचारून राहिले."

वकिलांना हसू आलं, वामनरावांना नाही. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, मुलांच्याच भल्याचं आहे. तुमचा विरोध लिहून घेतो आणि पुढे जातो."

"मंग कायले लिहिता?" माणिकबाईंनी पिशवी उचलली. "मी जाऊन राहिली. होळीले मेळघाटातला माणूस कुठंबी असला तरी घरी येते. तवा त्याइले विचारा, अन् मंग मले बलवा."

डॉक्टर चिडले. "तोवर त्या पोरांना आम्ही नुसत्या सुयाच टोचत राहणार. त्याचं पाप कोणाच्या माथी?"

"माया माथी," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "हे मात्र लिहून घ्या."

दार लागलं. मी 'सभा तहकूब' असं लिहिलं, आणि खरं सांगतो, इतक्या आनंदाने मी तो शब्द कधी लिहिला नव्हता.

डॉक्टरांनी त्यांच्याकडून भाजी घेणं बंद केलं. बाई बदलून टाकू, असंही कोणीतरी सुचवलं. त्यावर वामनराव कडाडले, "नाही म्हणते म्हणून बदलायची? मग हो म्हणायला बाहुली आणून ठेवा." त्या दिवसापासून मला म्हातारा आवडायला लागला.

होळीला आम्ही जीपने त्या पोरांच्या गावी गेलो. ढोल वाजत होते, घराघरात परतलेली माणसं होती. शाळेतल्या कोरकू मास्तरांनी सगळं त्यांच्या बोलीत सांगितलं: यंत्र काय, सुई किती, नाही म्हटलं तरी औषधपाणी थांबणार नाही. बरेच जण राजी झाले. काहींनी साफ नकार दिला आणि ढोलाकडे निघून गेले. माणिकबाई बाजूला बसून ऐकत होत्या.

मग मुलांची पाळी आली. नियम असा की समजत्या वयाच्या मुलाला स्वतःला विचारायचं. सुगंती नावाची चौथीतली पोरगी पुढे आली. बापाने आधीच होकार दिला होता. तिने सगळं नीट ऐकलं, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि काहीतरी म्हणाली. मास्तर घुटमळले. बापाने डोळे वटारले. पण ती काय म्हणाली ते आम्हा सगळ्यांना कळलं होतं.

राजी झालेल्या पोरांसाठी डॉक्टरांनी चॉकलेटं आणली होती. त्यातलं एक घेऊन ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "एकदाच टोचायचं बेटा, मग हे तुझं."

पोरीची नजर चॉकलेटवर खिळली. हात मागेच.

माणिकबाई उठल्या. डॉक्टरांच्या हातातलं चॉकलेट त्यांनी काढून घेतलं आणि तिच्या मुठीत कोंबलं.

"नाही म्हनलं तरीबी भेटते," त्या म्हणाल्या. "जाय, खेळ."