साडूंची न थांबणारी बासरी

जगात कुठे शांतता शिल्लक असेल, तर तिथे आमचे साडू अजून पोहोचलेले नाहीत, एवढाच तिचा अर्थ. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुक्काम पडेगाव, नोकरी सरकारी कचेरीत आणि व्यसन बासरीचं. या माणसाला मोकळी जागा म्हणून सहन होत नाही. बोलायला लागले की त्यांच्या वाक्याच्या शेवटी पूर्णविराम येत नाही, 'अन्' येतो, आणि त्या 'अन्'चं बोट धरून पुढचं वाक्य आत शिरतं. तोंडात घास असला तर गुणगुणतात, गुणगुणणं थांबलं तर बोटं ताटाच्या कडेवर चालतात. एकदा त्यांच्या कचेरीत कुणा जुन्या साहेबांना श्रद्धांजली म्हणून सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे होते. पहिलं मिनिट कसंबसं निभावलं. मग त्या खाली माना घातलेल्या घोळक्यातून भूपाची बारीक सुरावट यायला लागली. पाहतात तर हेच, डोळे मिटून, अगदी भक्तिभावानं! नंतर मी विचारलं तर म्हणाले, "सायबाला बरंच वाटलं असंल की. माणसाला असं मुक्यानं लावून द्यायचं व्हय?"

बासरी त्यांनी चाळिशी उलटल्यावर रीतसर शिकायला घेतली. तशी बोटं तयारच होती, कारण लहानपणी कन्नड गावाच्या बाजूला घाटाच्या उतारावर मेंढरं राखताना ते पावा वाजवायचे. (आमच्याही घरी मेंढरंच होती, पण ती माझ्या जन्माआधी विकली गेली, त्यामुळे मला पावा येत नाही आणि मेंढरू मला ओळखत नाही.) क्लासचा पहिला वर्ग साडूंनी असा झरझर ओलांडला की गुरुजी बघतच राहिले. मग मधला वर्ग आला आणि तिथे जो मुक्काम पडला तो काही हलेना. मागून आलेली पोरं वरच्या वर्गात गेली, त्यातल्या एकीनं तर स्वतःचा क्लास काढला, आणि साडू आपले मधल्या वर्गातच सतरंजी झटकतायत. वरच्या वर्गात हातभर लांब, घनगंभीर आवाजाची मोठी बासरी वाजवायची असते. ती त्यांनी आधीच आणून ठेवली होती. दर रविवारी तिला तेल द्यायचे, पुसायचे, परत गवसणीत घालायचे. पण गुरुजी 'या वर' म्हणेपर्यंत ओठाला लावायची नाही, अशी शपथच घेतली होती. अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "नव्या नवरीगत कोपऱ्यात बसवून ठेवलीय बघा. ना बोलायचं, ना चालायचं!"

गुरुजी वयानं साडूंपेक्षा बरेच लहान. साडू पाया पडायला वाकले की संकोचानं तेही वाकतात आणि दोघांची डोकी आपटतात. बिचारे दर परीक्षेला तेच सांगायचे, "काका, तुमच्या ताना पाण्यासारख्या वाहतात. पण वरच्या वर्गात आलाप लागतो. एक सूर लावायचा आणि थांबायचं. त्याला जरा हवेत राहू द्यायचं. तुम्ही थांबतच नाही हो!" साडू लगेच मान डोलवायचे, सूर लावायचे, आणि तो सूर खोलीच्या भिंतीपर्यंत जाऊन पोहोचायच्या आत त्याच्या मागे आणखी दहा-बारा सोडून द्यायचे. श्वाससुद्धा ओठाच्या कोपऱ्यातून असा चोरून घ्यायचे की ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरावा. झालं, परत मधला वर्ग, परत सतरंजी.

शेवटी गुरुजींच्या तोंडून निघून गेलं, "आधी रोजच्या जगण्यात थांबायला शिका." अरे देवा! तिथून आम्हा सगळ्यांच्या हालांना सुरुवात झाली. साडूंनी बोलण्यातच आलाप सुरू केला. अक्कांनी आतून विचारलं, "दूध बघताय ना?" तर हे म्हणाले, "दूध..." आणि डोळे मिटून थांबले. त्यांचं 'दूध' हवेत राहिलं आणि खरं दूध शेगडीवरून खाली आलं. एकदा मी त्यांच्याबरोबर गुलमंडीच्या बाजारात शर्टाचं कापड घ्यायला गेलो. दुकानदारानं पहिला तागा उलगडला. साडूंनी कापडावर हात ठेवला, "हे जे कापड हाये ना..." म्हणाले आणि गप्प. दुकानदार समजला, गिऱ्हाइकाला पसंत नाही. त्यानं दुसरा काढला. "आन् हे..." परत गप्प. असं करता करता फळ्या रिकाम्या झाल्या, आम्ही दोघं कापडाच्या डोंगराआड दिसेनासे झालो, तेव्हा पलीकडून दुकानदाराचा रडवेला आवाज आला, "अंकल, कुछ तो बोलो! पसंद हय क्या नय?" साडू म्हणाले, "पहिलंच पसंद होतं. तुम्हीच थांबंना गेलात." मी डोक्याला हात लावला. आणि गंमत पाहा, इतकं करून हातात बासरी घेतली की मेलं पुन्हा तेच, थांबायचं नाव नाही.

मला त्याचं कारण कळलं ते एका संध्याकाळी. पडेगावात त्यांच्या घरामागे मोकळा प्लॉट आहे, तिथे ते रियाजाला बसतात. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. रस्त्यावरून एक शेळ्यामेंढ्यांचा कळप घरी निघालेला, तो आवाज ऐकून प्लॉटमध्ये शिरला आणि खुशाल बसला. मागून मेंढक्या काठी आपटत आला. "ओ दादा, बंद करा की ते! वाजतंय तवर हालायची नायत ही. माझं घर लांब हाये." साडू खदखदा हसले, बासरी खाली ठेवली. कळप उठला, निघून गेला. आणि मग साडू हसायचं थांबवून स्वतःहून बोलायला लागले, तेही सावकाश.

"आमचे दादा, म्हंजे वडील, खाली वावरात असायचे, मी वर उतारावर. मधी दाट झाडी. दिसायचो नाय मी त्यांना. त्यांनी ठरवूनच दिलतं, पावा वाजत ऱ्हायला पायजे. वाजतोय म्हंजे पोरगं जागं हाये, जनावर आलं नाय. जरा थांबला का खालून हाक यायची. अशी हाक, की सगळा घाट दणाणायचा. कामं टाकून पळत सुटायचे वर. लई बेजार व्हायचे हो. म्हणून मी थांबायचोच नाय." त्यांचे दादा जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

पुढच्या परीक्षेला मी मुद्दाम बरोबर गेलो. खोटं कशाला सांगू, नापास झाले तर परतीला गाडी आपण चालवावी, एवढ्याचसाठी. गुरुजी समोर बसले. साडूंनी षड्ज लावला. सूर लांब गेला, बारीक झाला, विरला. आता याच्या मागे लोंढा येणार म्हणून मी खुर्चीचा हात घट्ट धरला. पण बासरी थांबली. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. साडूंनी मान किंचित खिडकीकडे वळवली होती आणि डोळे उघडे होते. मग कितीतरी वेळानं ऋषभ आला, तो असा जपून की माझ्या अंगावर काटा आला. पुन्हा थांबले, पुन्हा मान खिडकीकडे. वाजवून झाल्यावर गुरुजींनी डोळे पुसले आणि म्हणाले, "काका, या वर." साडू पाया पडायला वाकले, गुरुजी वाकले, डोकी आपटली, पण या वेळी कुणी हसलं नाही.

परतताना गाडी मीच चालवली. साडू मागे बसले होते आणि चक्क मूग गिळून बसले होते. दौलताबादच्या रस्त्याला लागलो तेव्हा मला राहवेना. म्हटलं, "काय हो साडूभाऊ, पेढे घ्यायचे ना? एवढं जमलं की आज!"

"जमलं," ते म्हणाले. "थांबलो मी. दर वेळेला नीट कान देऊन बघितलं."

मी गाडी जरा हळू केली.

"हाक नाय आली हो."