बिनसाखरेचा कांदा

मी गावातून निघाले त्या सकाळी वरकुट्याच्या देवळापुढं क्रूझर जीप उभी होती आणि अर्धं गाव तिच्याभोवती. नवऱ्याला जर्मनीत, स्टुटगार्टला नोकरी लागली होती. तो आधीच पुढं गेला होता, मी मागून चालले होते. बायकांनी ओटी भरली, हातावर दही-साखर ठेवली, पण त्या दिवशी खरा मान होता तात्यांचा. तात्या म्हणजे माझे वडील. लेक परदेशी चालली म्हणून जो येई तो त्यांच्या तोंडात पेढा घाली. त्यांना मधुमेह असल्याचं त्याच उन्हाळ्यात कळलं होतं आणि ते गावात कुणापासून लपलेलं नव्हतं. तरी लोक घालत होते आणि तात्या तोंड उघडत होते.

सगळ्यात पुढं त्यांचा धाकटा भाऊ, आमचा नाना. कडक इस्त्री, खिशाला पेन, भावकीत शब्द चालणारा. मी म्हटलं, "नाना, बास करा, त्यांना चालत नाही." तर तो साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आगं, आपण साखर पिकवणारी माणसं. आपल्याला साखर कशी बाधंल?" लोक हसले. तात्याही हसले, तोंडात पेढा तसाच.

आई असती तर तिनं पुडाच ओढून घेतला असता, पण ती माझ्या लग्नाआधीच गेली होती. गाडी हलली तेव्हा मला रडू आलं नाही. किळस आली. माहेर सोडताना मुलीला काय वाटतं ते सगळे सांगतात, हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

हे मी दोघांसाठी लिहिते आहे. जे मागं राहिलात त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांच्यासाठीही. दोघांबद्दल माझं मत फारसं बरं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

स्टुटगार्टला आल्यावर पहिल्या शरद ऋतूत शहराबाहेर शेतात ढिगारे दिसले. मला वाटलं मुळे असतील. नवरा म्हणाला, बीट आहे, पांढरं बीट, याचीच इथं साखर करतात. म्हणजे उसातून निघून मी बिटात येऊन पडले होते. इथल्या सुपरमार्केटात काकडीची बरणी घ्या, कांद्याची घ्या, लाल कोबीची घ्या, लेबलावर कुठंतरी साखर असतेच. लोणच्यात साखर घालतात आणि तोंडानं मात्र म्हणतात, तुमचं भारतीय गोड फार गोड असतं बाई.

आणि आपली माणसं? त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं, पण बोलते. महिन्यातून एकदा मराठी मंडळ भाड्याच्या हॉलमध्ये जमतं. तिथं वावराच्या आठवणीनं डोळे पुसणारे असे लोक भेटतात, ज्यांनी आपला वाटा केव्हाच विकून इथं फ्लॅट घेतला. एक बाई आहे, मूळची बारामतीची, पण 'पुण्याची' सांगते. तिनं एकदा 'शुगर-फ्री पिकल्ड अनियन' शिकवायचा कार्यक्रम ठेवला. सगळ्यांना एप्रन, सगळ्यांना काचेच्या बरण्या, बरण्यांच्या गळ्यात सुतळी. कांदा चिरून झाल्यावर बाईनं त्यात खजुराचा पाक ओतला. मी विचारलं, "मग हे बिनसाखरेचं कसं?" ती म्हणाली, "अगं, हे नॅचरल असतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला नाना आठवला. तो निदान कडक इस्त्रीत होता, एप्रनमध्ये नव्हता.

मी तेव्हाच घरी येऊन कांदा माझ्या पद्धतीनं केला, निव्वळ चिडून. एसिश, म्हणजे इथलं व्हिनेगर, स्वस्त असतं. पातळ चिरलेल्या कांद्यावर उकळतं पाणी घालून लगेच निथळलं की उग्रपणा जातो. मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, मीठ, थोडं जिरं, ठेचलेली मिरी, उभी चिरलेली मिरची. पाक नाही, सुतळी नाही. भात शिजेपर्यंत कांदा गुलाबी होतो. नवऱ्याला आवडला, मला आवडला, आणि मी तो विषय विसरून गेले.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी तात्यांचा पाय गेला. पाय म्हणजे दोन बोटं, पण घरातून फोन आला तो "पाय गेला" असाच. चपलेचा पट्टा घासून जखम झाली होती आणि पाय बधिर असल्यामुळं त्यांना ती कळलीच नाही. सूज वर चढल्यावर माझ्या भावानं, विलासनं, त्यांना बारामतीला नेलं. डॉक्टरांनी बोटं काढली म्हणून बाकीचा पाय वाचला. मी विमानानं पोहोचले तेव्हा तात्या दवाखान्यातल्या खाटेवर बसले होते आणि नाना पेढ्यांचा पुडा घेऊन दारातून आत येत होता. भाऊ दवाखान्यातनं सुटणार, त्याचा आनंद. त्यानं नर्सला पेढा दिला, शेजारच्या पेशंटला दिला आणि अर्धा मोडून तात्यांच्या तोंडाशी नेला.

तात्यांनी तोंड उघडलं.

मी त्या दिवशी नानाला काही बोलले नाही. मला नानाचा राग नव्हताच. मला त्या उघडलेल्या तोंडाचा राग होता. ज्या माणसाला आपल्या धाकट्या भावाला नाही म्हणता येत नाही, त्याची बोटं काय आणि पाय काय, असं माझ्या मनात आलं. स्वतःच्या बापाबद्दल माणसाला तुच्छता वाटू शकते. मला वाटत होती.

मी परत आले. तिकडं गावाकडच्या घरात आता पथ्य सुरू झालं, तेही आमच्याकडच्या पद्धतीचं, म्हणजे एका टोकावरून थेट दुसऱ्या. विलासची बायको, सुरेखा, मनानं चांगली, पण घाबरलेली. गूळ घातलेलं लोणचं बंद, आमटीतला गुळाचा खडा बंद, तिखट बंद, तेल बंद. रोज उकडलेला दुधी. तात्या अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवायचे. वजन उतरायला लागलं. फोनवर म्हणायचे, "तोंडाला चवच न्हाय गं. जेवान म्हंजी औषध झालंय." इन्सुलिन घेऊन जेवायचं नाही हे किती वाईट, ते डॉक्टरांनी सुरेखाला दोनदा बजावलं होतं. ती रडकुंडीला आली होती.

तेव्हा मला तो चिडून केलेला कांदा आठवला. मी डॉक्टरांना विचारून घ्यायला लावलं. ते म्हणाले, मीठ बेतानं असलं तर हरकत नाही. मग मी सुरेखाला व्हिडिओ कॉल लावला.

"ताई, व्हिनेगर कुठं मिळंल?"

"इंदापूरला. चायनीजच्या गाडीवाल्यांना लागतं ते. किराण्यात बाटली मिळेल."

"ते दारूवानी तर नसतंय न्हवं?"

"नसतं. नुसतं आंबट असतं."

दुसऱ्या दिवशी तिनं बाटली आणली. मी मोबाइलमधून ओरडत होते आणि ती कांदा चिरत होती. तिनं पहिल्यांदा बोटभर जाड चकत्या केल्या, त्या मी पिठल्यात टाकायला लावल्या. मग पातळ काप केले, त्यावर उकळतं पाणी घातलं, निथळलं. व्हिनेगर ओतल्यावर तिनं नाक दाबलं. आमच्या वावरातल्या कांदाचाळीत साठवलेलाच लाल कांदा तो, बघता बघता त्याला रंग सुटला. मागं नाना उभा असल्याचं मला तेव्हा दिसलं. "ढाब्यावरचं खायला घालत्याती म्हाताऱ्याला," तो म्हणाला. "जर्मनीहून शिकवत्याती कांदा खायला. आमाला काय कांदा म्हाईत न्हाय व्हय?"

सुरेखानं ताट वाढलं. तात्यांनी एक काप भाकरीवर घेतला आणि चावला.

"आंबट हाय," ते म्हणाले.

"आंबटच असतो तात्या."

"चिमूटभर साखर घातली असतीस तर झ्याक लागला असता."

मी फोन ठेवला. पण संध्याकाळी सुरेखाचा मेसेज आला, तात्यांनी भाकरी संपवली. दुसऱ्या दिवशीही संपवली. आठवड्याला एक बरणी लागू लागली, शिळा झाला की ती नवा करायची. आता कुणी मला फॉरवर्ड पाठवू नका की व्हिनेगरनं साखर उतरते. मंडळातल्या त्या बाईनं तसलं बरंच पाठवलेलं आहे. साखर औषधानं उतरली. कांद्यानं फक्त माणूस जेवला.

पुढच्या हिवाळ्यात विलासच्या मुलीचा, पूजाचा साखरपुडा निघाला. सोयरे लोणी भापकर गावचे, चांगली माणसं. बारामती रस्त्यावरचं मंगल कार्यालय, स्टेजवर प्लास्टिकची फुलं, दारात जिलेबीचा घाणा. मी आले होते. आल्यापासून लोकांनी मला तेच दोन प्रश्न विचारले होते, तिकडं किती थंडी असते आणि परत कधी येणार. उत्तराशी कुणाला घेणंदेणं नव्हतं. दोन्हीकडं हे प्रश्न असेच टाकतात, बसमध्ये रुमाल टाकतात तसे.

अंगठ्या झाल्या, फोटो झाले, आणि नाना ताटात पेढे घेऊन स्टेजवर चढला. तात्या खुर्चीवर बसले होते, पायात डॉक्टरांनी दिलेली मऊ चप्पल.

"थोरल्या आजाचं तोंड गोड झाल्याबगार साखरपुडा कसला?" नाना माइकवरच म्हणाला. फोटोवाला गुडघ्यावर बसला. सोयरे हात जोडून हसत उभे होते. विलास खाली बघत होता, तो नेहमीच खाली बघतो. मी उठले, पण मधे पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मला माहीत होतं आता काय होणार. तोंड उघडणार.

तात्यांनी नानाचं मनगट धरलं.

"नको, नाना."

"आरं, नातीच्या साखरपुड्यात..."

"नात माझी हाय. तोंड बी माझंच हाय," तात्या म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण माइक जवळ असल्यामुळं तो शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. "बोटं गेली तवा तू न्हाय दिलीस तुजी. ठेव ते खाली."

मग नवऱ्या मुलाची आजी, जिला आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतो, बसल्या जागेवरून म्हणाली, "बरुबर बोललं. माझ्या मालकाचा असाच पाय गेला." आणि तिनं पूजाला जवळ बोलावून पेढ्याऐवजी पाण्याचा पेला तिच्या तोंडाला लावला. कार्यक्रम पुढं सुरू झाला.

नाना जेवला नाही. घरी जाताना भावकीत सांगत गेला की लेकीच्या नादानं थोरला बिघडला, चारचौघांत भावाचा पाणउतारा केला. पूजाच्या लग्नाला तो आला नाही. अजून बोलत नाही. भावकीतले बहुतेक त्याच्या बाजूनं आहेत. वरकुट्यात पाय तोडलेला चालतो, पेढा नाकारलेला चालत नाही. त्यांना तसंच राहू दे.

मी मात्र त्या दिवसापासून तात्यांकडं वेगळं बघते. उशीर झाला होता, दोन बोटांइतका, पण एवढ्या मोठ्या कार्यालयात ते एकटेच नाही म्हणाले. आमच्यातल्या कुणालाच ते जमलं नव्हतं. मी एकदा 'बास करा' म्हणाले, लोक हसले, आणि मी गाव सोडून विमानात बसले.

इथं मंडळात आता कुणी 'घर' म्हणालं की मी उठून चहा घ्यायला जाते. ज्यांना मातीचा वास आठवतो त्यांना आठवो. मला देऊळ नको, भावकी नको, ओटी भरणाऱ्या बायका नकोत. परत राहायला जाण्याचा तर प्रश्नच नाही. पण रविवारी, आमच्याकडं सकाळ आणि तिकडं दुपार असताना, मी फोन लावते. सुरेखा मोबाइल तांब्याला टेकवून ठेवते. तात्या जेवत असतात, फारसं बोलत नाहीत. पूर्वी विचारायचे, कधी येणार. हल्ली विचारत नाहीत. मागच्या रविवारी मीच म्हटलं, यंदा जमेल असं वाटत नाही तात्या.

त्यांनी घास संपवला. "आलीस तर बरंच हाय," ते म्हणाले. "न्हाय आलीस तरी मी जेवतोय."

वरकुट्यात एक माणूस जेवतोय. माझं घर आता एवढंच आहे, आणि ते मला पुरतं.